व्यायाम सातव्या आठवड्यात सुटतो. कंटाळा न येता टिकवायचा कसा? (पणजी-पर्वरी)

पाटो_ते_पर्वरी विचारतात:

वय ४४. काम पणजीत पाटोला, दिवसभर खुर्चीत. घर पर्वरीला. सकाळी नऊला निघणे, संध्याकाळी साडेसहाला परत. रक्तदाब, साखर ठीक. वजन दहाएक किलो जास्त. गुडघ्यांची तक्रार नाही. जिमची वर्षाची फी तीनदा भरून झाली आणि तिन्ही वेळा सहाव्या-सातव्या आठवड्यात गाडी बंद पडली. दुखापत वगैरे काही नाही, ट्रेडमिलचा निव्वळ कंटाळा.

मजा येईल असा व्यायाम निवडायचा कसा? २१ दिवसांत सवय लागते हे खरं का? आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत काय करायचं? जे काही सुरू होतं ते पहिल्या पावसात वाहून जातं.

‘इच्छाशक्ती वाढवा’ एवढं सोडून काहीही सांगा.

---

रोजचे_दहा यांचं उत्तर:

आधी २१ दिवसांचं. १९६० मध्ये एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहून ठेवलं होतं की रुग्णाला नवा चेहरा अंगवळणी पडायला निदान २१ दिवस लागतात. पुढे त्यातला ‘निदान’ गळला, चेहराही गळला, आणि उरलेला आकडा सगळ्या सवयींना चिकटला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना बारा आठवडे पाहिलं. एखादी गोष्ट विचार न करता आपोआप व्हायला लागण्याचा मध्यबिंदू निघाला ६६ दिवस, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. पाणी पिण्यासारखी सवय लवकर लागली, व्यायामाची त्याहून बरीच उशिरा. तुमचा सातवा आठवडा म्हणजे ४३ ते ४९ वा दिवस. ती वेळ सवय मोडण्याची नाहीच, सवय अजून लागलेलीच नसते. त्याच अभ्यासात मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, तेव्हा एक खाडा झाला म्हणून पाटी पुसू नका.

आता मजेचं. मजा सर्वांत जास्त मारतो तो जोर. दम एका पातळीच्या वर गेला की तो व्यायाम जवळपास प्रत्येकाला नकोसा वाटतो, मग खेळ कोणताही असो. त्या पातळीच्या खाली राहण्याची खूण साधी आहे: बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. चालताना मोजायचं तर मिनिटाला साधारण १०० पावलं, म्हणजे १५ सेकंदांत २५. बोलताना वाक्य मध्येच तुटायला लागलं की वेग कमी करा. लाज कसली त्यात.

वेळेचा हिशेब असा. पहिले दोन आठवडे रोज १० मिनिटं, आठवड्यातून पाच-सहा दिवस. तिसऱ्या-चौथ्यात १५, पाचव्या-सहाव्यात २०, मग ३० वर स्थिर. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काम अशी आहे; ३० गुणिले ५ केलं की आपण तिच्या दारात पोचतो. सुरुवातीचे दहा-दहा मिनिटांचे दिवस हास्यास्पद वाटतील. वाटू देत. ‘अजून थोडं झालं असतं’ असं वाटत असतानाच थांबायचं, कारण दुसऱ्या दिवशी दाराबाहेर ओढतं ते तेच वाटणं.

सगळे चुकतात ते इथे: पहिल्याच रविवारी पाच किलोमीटर धाव. त्यानंतरचं अंगदुखणं २४ ते ७२ तासांत कळसाला पोचतं, म्हणजे मंगळवारी जिना उतरताना देव आठवतात आणि बूट कपाटात जातात.

आणखी एक बारीक गोष्ट. सत्राचा शेवट सर्वांत सोपा ठेवा. पाच मिनिटं हळू, मग जड भाग, मग उतरता वेग. शेवटच्या पाच मिनिटांत जीव काढून संपवलं तर डोक्यात तीच आठवण राहते.

---

ओहोटी यांचं उत्तर:

तुम्हाला ट्रेडमिलचा कंटाळा येतो, कारण पट्टा रोज तोच. मांडवी ओलांडली की मिरामार ते करंजाळे ही वाळू आहे आणि ती रोज वेगळी असते. पण भरतीची वेळ न बघता गेलात तर तीच वाळू शिक्षा होईल. मऊ, कोरड्या वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त शक्ती लागते. वर लिहिलेल्या ‘बोलता यावं’ या पातळीच्या पलीकडे माणूस पाचव्या मिनिटाला जातो आणि वाटतं की आपणच निकामी.

चालायचं ते ओहोटीने उघड्या पडलेल्या ओल्या, घट्ट पट्ट्यावर. खूण: टाचेचा ठसा बोटाच्या पेरापेक्षा खोल जाऊ नये.

वेळ काढायला ॲप नको, कोकणपट्टीचा जुना हिशेब पुरतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती, आणि सव्वासहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी: पहाटे पाचला आणि संध्याकाळी साडेपाचला. प्रतिपदेला ओहोटी सकाळी सातला, द्वितीयेला पावणेआठला. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे नेमकी तुमच्या फिरायच्या वेळेला भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. आपल्याकडे दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोलही नसतात.

थोडक्यात, सकाळी सहा ते सात या वेळेसाठी चतुर्दशीपासून तृतीयेपर्यंतचे दिवस वाळूचे, षष्ठी ते दशमीचे रस्त्याचे. मधल्या दिवशी जाऊन बघा. महिन्यातून दोनदा वाळू, दोनदा रस्ता अशी पाळी आपोआप लागते आणि कंटाळ्याला जागाच राहत नाही. कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगलेलं असतंच.

किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो. एकाच दिशेने लांब चालून रिक्षाने परतलात तर कंबर आणि गुडघ्याची बाहेरची बाजू धरते. गेलात त्याच रेषेने परत या, उतार दोन्ही पायांना सारखा वाटला जातो.

अनवाणी चालायचं असेल तर पहिले दोन आठवडे दहा मिनिटांच्या वर नको, बाकीचं बूट घालून. बुटात टाच एखाद-दीड सेंटिमीटर उचललेली असते. ती एकदम खाली आली की पोटरी आणि टाचेची शीर ताणते आणि सकाळी पलंगावरून उतरताना कळ येते. ओल्या बुटांना गोड्या पाण्याने धुवायला विसरू नका, खाऱ्या पाण्याने शिलाई आणि गोंद दोन्ही सुटतात.

पावसाळ्यात किनाऱ्यावर चाला हवं तर, पाण्यात उतरू नका. जून ते सप्टेंबर पोहण्यासाठी समुद्र बंद समजायचा.

---

नेटच्या_अलीकडे यांचं उत्तर:

एकट्याने चालणं काहींना मानवतं, काहींना नाही. ज्यांना नाही त्यांच्यासाठी खेळ. पण खेळाचा गट मोडतो तो आळसाने नाही, आकडेमोडीने.

बॅडमिंटनच्या दुहेरीला चार जण लागतात म्हणून चौघांचा गट केला की महिन्यात संपला. एकाच्या घरी पाहुणे आले की उरलेले तिघेही घरी. गट सहाचा हवा. सहाही आले तर दोन जण एक गेम बाहेर, एवढंच. पाच जणांच्या फुटबॉलला मैदानावर दहा लागतात, यादी चौदा-पंधराची ठेवा. ‘येत नाही’ हा निरोप आदल्या रात्री आठच्या आत. हॉलचे पैसे महिन्याचे आगाऊ, आलात न आलात तरी. रोजचे रोज भागवले की न येणारा वाचतो आणि येणाऱ्याला भुर्दंड पडतो. मग तोही न येणारा होतो.

दुसरी मारक गोष्ट म्हणजे एकतर्फी खेळ. २१-४ ने कोणालाच मजा येत नाही, जिंकणाऱ्यालासुद्धा. जोड्या दर गेमला फिरवा. एखादा फारच पुढचा असेल तर त्याला स्मॅश बंद, किंवा समोरच्यांना सात गुण उधार. १५ गुणांचे गेम ठेवा, लवकर संपतात आणि बाहेर बसलेला थंड होत नाही.

शटल नायलॉनचं घ्या. त्यावर रंगीत पट्टी असते: हिरवी मंद, निळी मध्यम, लाल वेगवान. गरम हवेत शटल लांब जातं, म्हणून आपल्याकडच्या तापलेल्या हॉलमध्ये नवख्यांना हिरवी बरी. रॅली लांबते आणि खरी मजा रॅलीत असते, सर्व्हिस उचलून आणण्यात नाही. अंगणात खेळाल तर दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा शटल पळवतो. सकाळी आठच्या आत किंवा मग हॉलमध्येच.

धावायचे बूट घालून कोर्टवर उतरू नका. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, बाजूला झेप घेतली की घोटा वळतो. सपाट गमसोलचे बूट हवेत. आणि ४४ व्या वर्षी थेट कोर्टवर नको. आधी सहा आठवडे चालणं आणि एक दिवसाआड पोटऱ्या: जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे, टाचा हवेत, दोन मोजत वर, तीन मोजत खाली, १२ वेळा, असे तीन फेरे. या वयात पहिल्याच महिन्यात टाचेची शीर तुटून बॅडमिंटन सुटणं ही काही विरळा गोष्ट नाही.

दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंडही होत नाही. तासभराच्या खेळाला निदान अर्धा लिटर पाणी. नंतर ग्लासभर पाण्यात दोन चमचे आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. मीठ त्यात असतंच. रक्तदाबवाल्यांनी मात्र आगळ सोडून नुसतं पाणी.

---

सांजफुगडी यांचं उत्तर:

तिघांनीही छान लिहिलंय, पण पावसाचा प्रश्न तसाच राहिला. आणि सगळं बाहेरच, सगळं बूट घालून. घरातल्या बायकांचा व्यायाम कोणी धरतच नाही.

फुगडी घ्या. चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, आपण जी घालतो तीच. ४० सेकंद फेर, ८० सेकंद विसावा, असे सहा फेरे म्हणजे बारा मिनिटं. महागड्या वर्गांत ‘इंटरव्हल’ म्हणून जे शिकवतात ते याहून वेगळं नाही, आणि कोणी घड्याळ बघत नाही कारण गाणं चालू असतं. फेरातल्या फुगडीत बायका गात असतात तोवर जोर हलका. गाणं तुटून नुसता ‘फू फू’ उरला की जोर वरचा. रोजचे_दहा यांनी जी खूण सांगितली ती आपल्याकडे गाण्यातच घातलेली आहे.

जोडफुगडीची नीट पद्धत सांगते, कारण पडापडी होते ती तीन-चार ठरलेल्या कारणांनी. हात अढी घालून, आणि बोटांत बोटं नकोत, एकमेकींची मनगटं धरा. पावसाळ्यात तळवे घामेजतात, बोटांची पकड सुटते आणि दोघी दोन दिशांना जातात. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा. पावलं जवळ, चवडे समोरासमोर, कोपर सरळ, वजन मागे. कोपर वाकवून ओढत बसलं की खांदे भरतात. नजर समोरचीच्या तोंडावर, भिंतीवर किंवा जमिनीवर नको. घेरी कमी येते. पुढचा फेर उलट्या दिशेने. जेवणानंतर दोन तास नाही. चक्कर येण्याचा त्रास किंवा मानेचं दुखणं असेल तर फुगडी नकोच, टाळ्या वाजवत फेर धरा. जागा अडीच मीटर चौरस मोकळी हवी आणि फरशी कोरडी. बलकांवात (घरापुढच्या पडवीत) वाऱ्याने पावसाचे शिंतोडे आत येतात, त्या दिवशी हॉलमधलं टेबल सरकवा.

सासूबाईंच्या वयाच्या बायकांसाठी ढालोची, म्हणजे आपल्या बायकांच्या लोकनृत्याची, पावलं. दोन रांगा समोरासमोर, वाकत पुढे, सरळ होत मागे. वीस मिनिटं झाली तरी धाप लागत नाही आणि कंबर मोकळी होते. मांडावरचे, म्हणजे गावाच्या ठरलेल्या पवित्र जागेवरचे, ढालो ही गोष्ट वेगळी. ते पौषातलं विधीचं आहे, त्याचे नेम त्याला. इथे फक्त पावलं घ्यायची.

पुरुषांना फुगडीची लाज वाटत असेल तर दोरी. मापाची हवी: दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवून मुठी वर ओढल्या की काखेपर्यंत याव्यात. लांब असली तर पायात अडकते आणि चौथ्या मिनिटाला माणूस फेकून देतो. उडी दोन-तीन सेंटिमीटरच, चवड्यांवर, आणि खाली चटई. २० सेकंद उड्या, ४० थांबा, दहा वेळा. किंवा सूर्यनमस्कार: चारपासून सुरू, दर आठवड्याला दोन वाढवत बारापर्यंत. सावकाश घातलेल्या बाराला सहाएक मिनिटं लागतात.

बिल्डिंगचा जिनाही चालेल, पण चढण्यापेक्षा उतरण्याने मांड्या जास्त दुखतात हे लक्षात ठेवा. पहिल्या आठवड्यात तीन मजले दोनदा, बस्स.

पावसाळ्यात व्यायाम अडतो तो खरं तर कपड्यांवर. वाळत नाहीत. तीन जोड लागतात, दोनांत भागत नाही. बूट भिजले तर आतले तळ बाहेर काढून वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी बोळे बदला. फ्रीजच्या मागे किंवा चुलीजवळ ठेवलेत तर गोंद सुटेल.

वेळेचं म्हणाल तर ‘सकाळी उठल्यावर’ असं ठरवू नका, ती वेळच नव्हे. पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंपू धरा. तो रोज त्याच सुमारास येतो, रविवार असो की मंगळवार, त्याला तुमच्या मूडशी काही देणंघेणं नाही. पाव आत, पाय बाहेर. पाव घ्यायला दाराशी जाताना बूट पायातच हवेत, म्हणजे कपडे आदल्या रात्रीच खुर्चीवर. जिथे पोदेर येत नाही तिथे देवळाची सकाळची घंटा किंवा नळाचं पाणी. ठरावीक वेळी बाहेरून येणारं काहीतरी हवं.

---

पाटो_ते_पर्वरी:

ताई, पोदेर आमच्याकडे सव्वासहाला येतो. हे नक्की जमेल. चालताना कानात काहीतरी लावणं बरं की वाईट? आणि घड्याळात दहा हजार पावलं लावून ठेवलीत, ती ठेवू का?

---

रोजचे_दहा:

दहा हजार हा आकडा कोणत्या डॉक्टरांचा नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मापक’ अशा अर्थाचं होतं. आकडा वाईट नाही, पण सध्या काढून टाका. ज्या गोष्टीत मजा घ्यायची ती दर मिनिटाला मोजत बसलं की ती कामासारखी वाटायला लागते. रविवारी एकदा आठवड्याची मिनिटं बघा, पुरे.

कानात जरूर लावा. आवडती मालिका किंवा वाचून दाखवलेली कादंबरी फक्त चालतानाच ऐकायची, घरी नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात हा प्रयोग झाला, निष्कर्ष २०१४ मध्ये आले. गोष्ट फक्त जिममध्येच ऐकायला मिळणारे सुरुवातीला इतरांपेक्षा ५१ टक्के जास्त वेळा गेले. हळूहळू जोर ओसरला, आणि मधल्या सुट्टीनंतर फायदा जवळपास संपला. आपल्याकडे ती सुट्टी म्हणजे चवथ. आधीच ठरवा की विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी पोदेर आला की फक्त दहा मिनिटं. दोन आठवडे खंड पडला असेल तर सोडलं होतं तिथून नव्हे, निम्म्यावरून सुरुवात.

चालीसाठी संगीत मिनिटाला १०० ते १२० ठोक्यांचं बरं. रस्त्याने चालाल तर एकच कान. पर्वरीच्या हमरस्त्यावर तोही नको.

---

पाटो_ते_पर्वरी:

ठरलं. सोमवारपासून पोदेरानंतर घराजवळच दहा मिनिटं. मंगळवार, शनिवार रात्री जेवणाआधी सूर्यनमस्कार चार. गुरुवारी सकाळी लवकर निघून सहा वाजता मिरामारची वाळू, मुलीला घेऊन. बॅडमिंटन सहा आठवड्यांनी, तोवर पोटऱ्या.

---

ओहोटी:

येत्या गुरुवारी नवमी आहे. नऊची पाऊणपट पावणेसात, तुम्ही पोचाल तेव्हा पाणी वर चढत असेल आणि चालायला फक्त मऊ वाळू उरेल. मुलगी पहिल्याच दिवशी वैतागेल. या गुरुवारी कला अकादमीपासून मांडवीकाठच्या पदपथाने जा. वाळूला पुढच्या गुरुवारी, तेव्हा पौर्णिमा आलेली असेल.